न लावलेली कडी

मावशीचा आवाज सोमवारी जाणार होता. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं: स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, पण गळ्यातून आवाज पुन्हा निघणार नाही. त्यावर मावशी म्हणाली होती, "बोलणं तेवढं ठेवता आलं तर बघा, गाणं कोण ऐकतंय आता!" आणि डॉक्टर हसले नाहीत म्हणून घरी येईपर्यंत त्यांच्या नावाने खडे फोडत होती.

भाचीला मात्र तेव्हापासून एका जागी बसवत नव्हतं. ती इस्पितळात लोकांचे कान तपासायची. जाड भिंतींच्या छोट्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर यंत्र चढवायचं, बारीक बारीक सूर सोडायचे आणि "ऐकू आलं की बटण दाबा" म्हणायचं, हे तिचं काम. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण त्या आठवड्यात तिने एका आजोबांच्या डाव्या कानाचा निकाल उजव्याखाली लिहिला आणि एका बाईंना तर यंत्र न लावताच बटण दाबायला सांगितलं.

शनिवारी दुपारी ती मावशीकडे पोचली, तेव्हा खालची व्यायामशाळा धडधडत होती. जिन्याचा कठडा हाताला थरथरताना जाणवायचा.

हे घर बैठकीचं. म्हणजे पूर्वी. इथल्या बायका लग्न करत नसत. त्या गात, बसल्या बसल्या हातांनी आणि डोळ्यांनी गाण्यातला अर्थ उलगडून दाखवत, आणि त्यावर सगळा संसार चालत असे. ऐकायला येणारी माणसं बडी असायची, त्यातला एखादा घरचाच होऊन जायचा. या घरात मुलगी जन्मली की सगळ्यांना आनंद व्हायचा, आणि मुलगा झाला की "असू दे, तब्येत चांगली आहे ना" असं म्हणायचे. पुढे ती बडी माणसं म्हातारी झाली, त्यांच्या मुलांना या घराची लाज वाटू लागली, आणि नातवंडांना तर असं काही होतं हेच ठाऊक नव्हतं. साथीदार एकेक करून गेले. खालचा दिवाणखाना व्यायामशाळेला भाड्याने दिला. भिंतभर आरसे आयते मिळाले म्हणून व्यायामशाळेचा मालक खूष होता. ज्या आरशांत या घरच्या मुली नुसती एक भुवई उचलण्याचा सराव करायच्या, त्यांत आता पोरं स्वतःचे दंड न्याहाळायची.

"आलीस का शेपटे?" मावशी आतून म्हणाली. आवाज घोगरा, किंचित फाटलेला, पण तोऱ्यात होता. "आधी तो पंखा बंद कर. घशाला लागतो मेला."

लहानपणी ही भाची मावशीच्या पदराला धरून घरभर फिरायची, तेव्हापासून ती शेपटी. आता केसांत पांढरं दिसू लागलं तरी बढती मिळाली नव्हती.

भाचीने पंखा बंद केला, खिडकी लावली, पुन्हा किलकिली केली, फोन स्टुलावर ठेवला, मग उशीवर, मग परत स्टुलावर.

"बस ना जरा. पायाला भिंगरी लागलीय का?"

"बसते. तुला त्रास व्हायच्या आत उरकून घेऊ. कडीचं गाणं म्हण, बाकी काही नको."

मावशीने मान हलवली. कडीचं गाणं या घरचं होतं, घराबाहेर कुणी रचलेलं नव्हतं. त्यातली बाई रुसली आहे. तिने दार ओढून घेतलं आहे, पण येणाऱ्याने ढकललं तर उघडेल इतपतच. मुखडा एवढाच: *दार लोटले मी, कडी ना लावली.* या एका ओळीवर मावशी पूर्वी एक पूर्ण संध्याकाळ बसायची, असं लोक सांगत.

"तशी चाल मला येते म्हणा," भाची म्हणाली. "फक्त तुझ्या आवाजात हवीय."

"तुला येते?" मावशीच्या भुवया वर गेल्या. "कधी शिकलीस? आईने तर तुला सुरांपासून असं लांब ठेवलं होतं, जसं काही विस्तव."

ते खरं होतं. भाचीची आई मावशीची धाकटी बहीण. पोटात मूल असतानाच ती या घरातून बाहेर पडली, शिवणाचं मशीन घेतलं आणि शाळेचे गणवेश शिवून मुलीला वाढवलं. मुलीच्या कानावर गाणं पडता कामा नये, तिने शिकावं, नोकरी करावी, कुणी तिचं घर विचारलं तर तिने मान खाली घालू नये, हा तिचा हेका. पण दर सुट्टीच्या दिवशी तिचं तिलाच राहवायचं नाही. ती मुलीला घेऊन इथे यायची, मुलीला चित्रांचं पुस्तक देऊन जिन्यावर बसवायची, आणि दार लावून दोघी बहिणी आत गायच्या.

"जिन्यावर बसून," भाची म्हणाली. "दुसरं कुठे शिकणार?"

"मग म्हणून दाखव की."

आजवर भाचीने ते कुणासमोर म्हटलं नव्हतं. न्हाणीघरात म्हटलं होतं, आणि कामावर, पुढचा रुग्ण यायच्या आत, त्या बंद खोलीत. तिने घसा खाकरला, नजर स्टुलाच्या पायावर ठेवली आणि सुरुवात केली. *दार लोटले मी* झालं. मावशीचे डोळे भरल्यासारखे झाले. मग *कडी* आली. भाचीचा सूर वर चढला, एक सुरेख गिरकी घेऊन खाली आला आणि *लावली*वर नेमका समेला, ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, टेकला. लहानपणी जिन्यावर बसून ती या गिरकीची वाट बघायची. आई ही जागा घ्यायची तेव्हा तिच्या अंगावर काटा यायचा.

मावशीचे खांदे हलू लागले. ती हसत होती.

"गळा गोड आहे गं. थेट आईवर गेलाय. पण शेपटे, हे पाहुण्यांचं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे हे घरचं नव्हे. घरच्या गाण्यात एक जागा असायची ती बाहेरच्याला द्यायची नाही. दुसऱ्या घरच्या मुली पडद्याआड येऊन बसायच्या, एकदा ऐकलं की उचलायच्या. मग माझ्या आजीने युक्ती काढली. परकं माणूस कानाच्या टप्प्यात असलं की ही गिरकी घ्यायची. लोक वाहवा करत घरी जायचे. खरी जागा फक्त दार लावल्यावर, आपल्याआपल्यात."

भाचीला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा ती उठून उभी राहिली.

"पण तुम्ही दोघी तर दार लावूनच गायचात."

"दार लावलं होतं. तू जिन्यावर होतीस."

"मी परकी होते?"

"तू परकी कशाला असशील? वचन होतं. तुझ्या आईने माझ्याकडून घेतलं होतं, माझ्या मुलीच्या कानात घरचं काही जाऊ द्यायचं नाही. एखाद्या दिवशी रंगात यायची, खरी जागा घ्यायला निघायची, आणि ऐन वेळी डोळे उघडून दाराकडे बघायची. की वळलीच गिरकीकडे."

भाची खिडकीपाशी गेली, परत आली. कपाटाचं दार उगाच उघडून लावलं. इतकी वर्षं आईची म्हणून जपलेली जागा आईने तिला हुलकावणी द्यायला घेतली होती. रडावं की रागवावं ते ठरेना, म्हणून तिने भलतंच विचारलं.

"आणि ती विद्यापीठातली बाई? यंत्रं घेऊन आली होती, आठवडाभर गाणी भरून घेत होती. तिला?"

"तिलाही हेच. रडली बिचारी ऐकून."

"मावशी! तीच चाल आता गाण्याच्या शाळांतून शिकवतात. पोरांना स्पर्धेत बक्षिसं मिळतात त्यावर!"

"मिळू देत की. वाईट आहे का ती? पाहुण्यांना आम्ही शिळं वाढत नव्हतो."

"मग खरी येते कुणाला?"

"मला येते. तुझ्या आईला येत होती."

"आणि?"

"आणि कोण? घरात राहिलंय कोण, त्या आरशातले पहिलवान?"

भाचीने फोनवर आवाज भरून घ्यायचं बटण दाबलं. "म्हण," ती म्हणाली. "खरी म्हण. आत्ता."

मावशीने पाठ ताठ केली. आवाज बारीक होता, कडेला चिरलेला, पण सूर जिथल्या तिथे. *दार लोटले मी.* खालून धडधड येतच होती. *कडी*वर आवाज वर चढला, गिरकी घेतली आणि समेला टेकला.

"हे पाहुण्यांचंच झालं," भाची म्हणाली.

"कळतंय मला. खालच्या त्या धडधडीने. असल्या ठेक्यावर मेलेला माणूससुद्धा उठून पळत सुटेल."

भाची तीरासारखी खाली गेली. व्यायामशाळेचा मालक एका मुलाच्या छातीवरचा लोखंडी दांडा सांभाळत होता.

"थोडा वेळ बंद कराल का हे? मावशी गातायत."

"मावशी? गातायत?" त्याने दांडा खाली घेतला. "आवाज काढायचा नाही असं सांगितलंय ना त्यांना?"

"सोमवारनंतर नाहीच काढणार त्या."

त्याने हात पुसले आणि स्वतः जाऊन स्पीकरवरचं गाणं बंद केलं. "जास्त वेळ नको हं ताई, पोरं गार पडतात." आणि एकदम शांत झालेल्या दिवाणखान्यात सगळी पोरं आरशांसमोर ओशाळून उभी राहिली, जणू कुणी त्यांना चोरी करताना पकडलं होतं.

वर मावशीने पुन्हा म्हटलं. पुन्हा गिरकी. घोटभर कोमट पाणी घेऊन पुन्हा म्हटलं, *कडी*च्या आधी थांबली, डोळे घट्ट मिटले, ओठ हलवले, आणि जे निघालं ती गिरकीच. आता मात्र तिचा तोरा उतरला. हात मांडीवर चोळत ती म्हणाली, "तुझ्या आईनंतर मी ती घेतलीच नाही गं. कुणासमोर घेणार? जी माणसं आली ती सगळी पाहुणे. गळ्याला तोच रस्ता पाठ झालाय."

"आठव ना."

"आठवून येतं का ते? तू वीज गेल्यावर अंधारात चालतेस घरात, ते आठवून चालतेस?"

भाचीचं लक्ष त्या चोळणाऱ्या हातांकडे गेलं. कामावर तिला एक सवय होती. ऐकू येत नाही म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे ती बघायची नाही, बोटांकडे बघायची. माणूस नाही म्हणतो तेव्हाही बोट कधीकधी बटणावर किंचित हलतं.

"साथीदारांना कसं कळायचं," तिने विचारलं, "की आज घरचं की पाहुण्यांचं? ठेका धरणाऱ्याला आधी कळल्याशिवाय कसं जमेल?"

"ते माझ्या हाताकडे बघायचे. पाहुण्यांसाठी हात गुडघ्यावर. घरचं असलं की हात उठायचा, कडीकडे..." मावशी बोलता बोलता थांबली. उजवा हात गुडघ्यावरून जरासा उचलला गेला होता. तिने स्टुलाकडे नजर टाकली. तो हात परत गुडघ्यावर गेला, एखादं मांजर परकं माणूस बघून पलंगाखाली जावं तसा.

भाचीनेही स्टुलाकडे बघितलं. फोनवर तांबडा ठिपका जळत होता.

तिने फोन उचलला. हे सोपं नव्हतं. जे मोजता येतं, साठवता येतं, पुन्हा लावून तपासता येतं त्यावर तिचा जन्म गेला होता. एकदा ऐकलेलं माणूस किती चुकीचं आठवतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? भरून घेतलं नाही आणि विसरली, तर सोमवारनंतर विचारायला जागाच नव्हती. ती फोन हातात घेऊन दारापर्यंत गेली आणि तिथेच घुटमळली.

"मावशी, फोन उशीखाली ठेवला तर? दिसणार नाही तुला."

"असेल ना पण तो."

खालून मालकाने हाक मारली, "झालं का ताई?"

"नाही!" भाची ओरडली. तिने फोन बंद केला, दार उघडलं, आणि तो जिन्यावर ठेवला, वरून तिसऱ्या पायरीवर. ती तिथेच बसायची. मग आत येऊन तिने दार लावलं, आणि या घरात आयुष्यात पहिल्यांदा ती दार लावल्यावर आतल्या बाजूला होती.

मावशीचा हात आपसूक उठला.

*दार लोटले मी.* बोटं हवेतल्या कडीकडे गेली. मनगट जरा वळलं. कडीला बोटांचा स्पर्श झाला, हे भाचीला स्पष्ट दिसलं, लोखंडाचा गारवासुद्धा. आणि तिथेच बोटं थबकली. आवाजही त्यांच्याबरोबर थबकला, वर चढलाच नाही. समेच्या सुराखाली, अगदी हात पोचेल इतक्या खाली तो उभा राहिला. सम आली आणि रिकामी गेली. त्या रिकाम्या जागेत कुणीतरी दार ढकलेल असं वाटत राहिलं. मग हात मागे आला, आणि *ना लावली* हे शब्द गाण्यात नव्हे, नुसत्या श्वासात आले.

मावशी खोकू लागली. खाली धडधड सुरू झाली.

"मिळाली?" खोकला थांबल्यावर मावशीने विचारलं.

"मिळाली," भाची म्हणाली. त्या क्षणी ते खरंही होतं.

पण बसस्टॉपपर्यंत पोचताच तो सूर सरकला. समेच्या सुराच्या किती खाली होता? तिने गुणगुणून बघितलं. फार खाली गेला. पुन्हा बघितलं, आता फार वर. एका रिक्षाचा भोंगा मधेच वाजला आणि सगळं पुसून गेलं. शेजारची बाई तिच्याकडे बघून जरा लांब सरकली. रविवारी सुट्टी असून ती कामावर गेली, त्या बंद खोलीत बसली आणि यंत्रातून सूर सोडून तो शोधू लागली. यंत्रातले सूर ठरावीक उड्या मारत चढतात. तिला हवा होता तो दोन उड्यांच्या मधे कुठेतरी. तो इथे आहे म्हणावं तर इथे नव्हता, तिथे म्हणावं तर तिथेही नव्हता. तिच्या घशात मात्र गिरकी टपून बसलेली. जरा लक्ष ढळलं की ती हजर.

सोमवारी शस्त्रक्रिया झाली. नीट झाली.

भाचीला भेटायची परवानगी मिळाली तेव्हा मावशी एकटीच्या खोलीत उशांना टेकून बसली होती. गळ्याला पट्टी, पट्टीत श्वासासाठी नळी. लिहायला दिलेली पाटी पायाशी पडलेली. तिला हात लावलेला दिसत नव्हता.

"पाटी नकोच म्हणतात त्या," नर्सबाई सांगत होत्या. "आणि खरंच लागत नाही हो! उशी उंच करा, दिवा मालवा, समोरच्या खोलीतल्या आजींचा मुलगा खोटं बोलतोय, सगळं हातांनी सांगतात. या वॉर्डात यांच्याइतकं स्पष्ट कुणी बोलत नाही."

मावशीने हाताने काहीतरी केलं. नर्सबाई लाजल्या आणि निघून गेल्या.

"काय म्हणालीस तिला?"

मावशीने फक्त डोळे मिचकावले. मग ती गंभीर झाली. भाचीकडे बोट दाखवलं, स्वतःच्या कानाकडे दाखवलं आणि वाट बघत बसली.

भाचीने खुर्ची ओढली, पुन्हा मागे सारली, शेवटी पलंगाच्या कडेला टेकली. बरोबर की चूक ते सांगू शकणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते म्हणून दाखवू शकणार नव्हतं. तिने खिडकीकडचा पडदा ओढला. मावशीचा उजवा हात चादरीवर होता. भाची त्याच्याकडे बघत, अगदी हळू, सुरू झाली.

*दार लोटले मी...*

हात उठला. बोटं कडीकडे निघाली. भाचीच्या गळ्यात तो सूर येताना तिला जाणवला, तोच, सरकून गेलेला, आता अगदी समोर. तिने *कडी* म्हणायला तोंड उघडलं आणि मागे दार वाजलं. नर्सबाई औषधाचा ट्रे घेऊन आत आल्या.

भाचीचा सूर वर चढला, एक सुरेख गिरकी घेऊन खाली आला आणि नेमका समेला टेकला.

तिने ठरवलं नव्हतं. तिला कळलंसुद्धा नाही, झाल्यावर कळलं. ती तोंड उघडं टाकून मावशीकडे बघत राहिली.

"अय्या, किती छान गाता तुम्ही!" नर्सबाई म्हणाल्या. "कुठे शिकलात?"

मावशी हसत होती. आवाज नव्हता, नुसती नळी सुं सुं करत होती आणि खांदे गदगदत होते. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, नर्सबाई घाबरल्या, "अहो, नका हसू, टाके आहेत," म्हणू लागल्या, आणि मावशीचा हात, मघा उठलेला तो, केव्हाच चादरीखाली जाऊन बसला होता.

जुनी सवय असेल, भाचीच्या मनात आलं. लहानपणापासून गळ्यात तेच बसलंय, दुसरं काय येणार? किंवा नसेलही, परकं माणूस आलं म्हणून गळा आपणहून वळला असेल. कोणत्या यंत्राने तपासायचं हे?

नर्सबाईंनी सलाईनमधून औषध सोडलं, चादर सारखी केली. दारापाशी थांबून म्हणाल्या, "पुन्हा म्हणा हं, आवडलं मला." मग त्या गेल्या. दार त्यांच्यामागे पुरतं लागलं नाही. भाची उठली, जाऊन तिने ते लावलं, हँडल ओढून खात्री केली आणि परत येऊन बसली.

मावशीने डोळे पुसले. हात चादरीतून बाहेर काढला. बोटं हवेत, कडीच्या अगदी जवळ नेऊन तिने तशीच धरली, आणि भाचीकडे बघून हनुवटी वर केली.